बेशरम उपटणार कोण? अर्जुनी मोरगावच्या मामा तलावांची केस

मामा तलाव म्हटलं की पुण्यामुंबईकडचे लोक हमखास विचारतात, कोणाच्या मामाचा? कोणाच्याच नाही हो. सरकारी फायलीत दरवेळी ‘माजी मालगुजारी तलाव’ एवढं लांबलचक लिहायचा कंटाळा आला असणार म्हणून मा.मा. झालं अन् तेच बोलण्यात रुळलं. पण त्या नावातला ‘माजी’ शब्द भारी आहे. मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनदार, गेले, त्यांच्या जागी नक्की कोण आलं हे सत्तर वर्षं होऊन गेली तरी धड ठरलेलं नाही, अन् खाली जे काही लिहितोय ती सगळी त्या रिकाम्या जागेचीच केस आहे.

आधी जागा सांगतो. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जी रेल्वे जाते तिच्यावर अर्जुनी लागतं, गोंदिया जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक, पलीकडे गडचिरोली. धान, जंगल अन् तलाव, एवढंच. याच तालुक्यात नवेगावबांध आहे, साधारण अकरा चौरस किलोमीटरचा तलाव, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, अन् भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, त्या देवींनी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पुरी करायला मदत केली म्हणे. कोलू पाटील पुढे स्वतःच कोलासुर देव झाले. म्हणजे बघा, आपल्याकडे धरण बांधणाऱ्या इंजिनिअरचा फारतर कोनशिलेवर उल्लेख येतो, इथे बांधणाऱ्याचा देव केला. (तिथूनच जवळ प्रतापगडकडे तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची, अन् हिवाळ्यात याच भागातल्या तलावांवर पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, हा योगायोग मला दरवेळी गंमतीचा वाटतो.)

पण ही केस नवेगावबांधची नाही. तो मोठा, प्रसिद्ध, भोवती १९७५ पासून नॅशनल पार्क अन् २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, त्याची काळजी करणारे आहेत. केस आहे ती गावागावातल्या लहान तलावांची, ज्यांचं नाव गावाबाहेर कोणाला माहीत नसतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अन् नागपूरचा काही भाग धरला तर असे साडेसहा हजाराहून जास्त मामा तलाव आहेत, बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, वेगळ्या.

हे तलाव झाले कसे? तर गोंड राजांच्या काळात चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) राजांनी साधं सरळ धोरण ठेवलं, जो जंगल साफ करून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल ती जमीन. कोहळी समाज या कामात तरबेज. खोदकाम फारसं नसायचंच, दोन टेकाडांच्या मधे उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची अन् पावसाचं पाणी अडवायचं. पाळीत तुडुम ठेवायचं, त्यातून पाणी सोडायचं, अन् जास्तीचं पाणी निघून जायला बाजूने सांडवा, तिकडच्या बोलण्यात सलंग. वरच्या तलावाचं पाणी सलंगवरून खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात. यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: पाळीकडे तलाव खोल असतो अन् दुसऱ्या टोकाला, जिकडून पाणी येतं तिकडे, तो उथळ होत होत जमिनीत विरून जातो. तिथे काठ कुठला अन् तलाव कुठला हे पावसाळ्यात वेगळं अन् मार्चमध्ये वेगळं.

आता या तलावावर हक्क कोणाचा होता तर कागदोपत्री मालगुजाराचा, पण प्रत्यक्षात सगळ्यांचा थोडा थोडा. कोहळी शेतकऱ्याला धानाला पाणी, गुरांना पाणी अन् काठावरचं गवत, ढिवरांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाला, मासे अन् शिंगाडा, कुंभाराला माती. त्याबदल्यात पाळीवर माती टाकायला गावाने जायचं, ढिवरांनी मालगुजाराला मासे द्यायचे. हे सगळं फार गोड गुलाबी होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, मालगुजार तो मालगुजारच, वेठबिगार होती, ढिवर समाजाकडे ना जमीन ना सत्ता, पालखी वाहायची, पोहे कुटायचे अन् मासे धरायचे. पण फुटलेली पाळ पुढच्या पावसाच्या आत बुजवली गेली पाहिजे हे ठरलेलं होतं अन् ती कोणी बुजवायची हेही ठरलेलं होतं.

मग आला १९५० चा मालकी हक्क संपवणारा कायदा. हा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता, १९५१ पासून अंमलबजावणी झाली अन् तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, त्यात वादच नाही. भानगड पुढे झाली. सरकारने पाणीपट्टी लावली, गाव म्हणालं आमच्या निस्तारातलं, म्हणजे गावाच्या नेहमीच्या वापराच्या हक्कातलं, पाणी आहे, आमच्या आजोबांनी पाळ घातलीय, पैसे कसले? सरकार म्हणालं पट्टी नाही तर दुरुस्ती नाही. झालं. गावाने पाळीवर जाणं सोडलं, सरकार आलं नाही, अन् दरवर्षी वरच्या शेतातून अन् उघड्या पडलेल्या जंगलातून माती येऊन साचत राहिली.

पुढे तर तलावाचे तुकडेच पडले, जमिनीचे नाही, कामाचे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेचा, त्यावरचा पाटबंधारेचा. मासे मत्स्य विभागाच्या हिशोबात, मासेमारीची लीज मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीला, काठावरची जमीन महसूलची, जंगलातला असेल तर वनविभाग. यातल्या प्रत्येकाला तलावातलं एकच दिसतं. एकाला पाणी दिसतं किती दशलक्ष घनमीटर, एकाला मासे दिसतात किती टन, एकाला सातबारा दिसतो. आता तलाव म्हणजे तर या सगळ्याच्या मधलं जे आहे ते ना, चिखल, उतार, पाण्यातलं गवत, त्यात अंडी घालणारा मासा, त्या माशामागे येणारा बगळा. ते कोणाच्याच टेबलावर नाही.

मत्स्य विभागाचं उदाहरण घेऊ कारण या केसचा खरा जीव त्यात आहे.

सोसायट्या झाल्या तेव्हा हेतू चांगलाच होता, ढिवरांना हक्काची मासेमारी मिळावी, उत्पन्न वाढावं. मग कटला, रोहू, मृगळ यांचं बीज आणून सोडा, ते भराभर वाढतात. त्यानंतर परदेशी मासे, सायप्रिनस (कॉमन कार्प) आला, ग्रास कार्प आला. उत्पादन वाढलं सुद्धा, काही वर्षं. पण कटला-रोहू-मृगळ हे नदीचे मासे, साचलेल्या पाण्यात ते सहसा वीण घालत नाहीत, म्हणजे दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणा, पैसे नसतील तर उधार आणा, अन् पाऊस कमी झाला की सगळंच बुडालं. ग्रास कार्प नावाप्रमाणेच गवत खातो, पाण्याखालची मऊ वनस्पती तर आवडीने खातो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरत फिरतो त्यामुळे पाणी गढूळ होतं, गढूळ पाण्यात ऊन खाली जात नाही, ऊन नाही तर गवत नाही.

अन् देशी माशांचं काय? मत्स्यशेतीच्या पाठ्यपुस्तकात त्यांना दोन नावं आहेत, तण मासे अन् शिकारी मासे. पहिले खाद्य खातात, दुसरे बोटुकली खातात, म्हणून बीज सोडण्याआधी ते संपवा असा सल्ला असतो, त्यासाठी मोहाची पेंड टाकतात, तिच्यातल्या द्रव्याने मासे मरून वर येतात. मोहाच्या झाडाला पूजणाऱ्या मुलखात मोहाच्याच पेंडेने मरळ, शिंगूर मारायचा सल्ला, काय बोलावं.

आता हे ‘शिकारी’ मासे जरा बघा. मरळ आपल्या पिल्लांना एकटं सोडत नाही, लालसर पिल्लांचा एक झुलता घोळका पाण्यावर दिसतो अन् त्याच्या खाली आईबाप फिरत राखण करतात. शिंगूर अन् मागूरवाणी मासे वरची हवा घेऊन जगू शकतात, तलाव आटला तरी ओल्या चिखलात तग धरतात. पहिला मोठा पाऊस झाला अन् लाल पाणी तलावात शिरलं की कितीतरी देशी मासे उलट्या धारेने उथळाकडे चढतात, बुडालेल्या गवतात, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, अंडी घालतात. कोणी बीज विकत आणायला नको. बाजारात भावही त्यांनाच जास्त, बाळंतिणीला अन् आजाऱ्याला शिंगूर, मरळच देतात हे तिकडचं कोणतंही पोर सांगेल. म्हणजे फुकट येणारा महाग मासा मारून, विकत आणायचा स्वस्त मासा वाढवायचा, असा तो एकूण हिशोब.

यात भर म्हणजे बेशरम ही झुडुपासारखी वनस्पती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, जांभळट गुलाबी भोंग्यासारखं फूल, दिसायला छान, मूळची अमेरिकेकडची, शोभेसाठी अन् कुंपणासाठी आणली गेली. गुरं तोंड लावत नाहीत, शेळ्यांनी खाल्ली तर आजारी पडतात. तोडली की तोडलेल्या काडीलाच मुळं फुटतात म्हणून तर हे नाव पडलं. गाळाने उथळ झालेल्या तलावात तिच्यासारखं सुख कोणाला नाही. काठापासून सुरू होऊन ती आत आत सरकते अन् नेमकी तीच उथळ जागा खाते जिथे गवत हवं, मासे चढायला हवेत, पक्षी उतरायला हवेत. जाळं टाकायचं तर अडकून फाटतं. कित्येक तलावांची अशी अवस्था की पाळीवर उभं राहून बघितलं तर पाणी निम्मं अन् बेशरम निम्मी.

आता या गोष्टीत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ येतं, अन् मनीष राजनकर. अर्जुनी मोरगावला राहून काम करणारी छोटी संस्था. सुरुवात पक्ष्यांपासून झाली असं म्हणता येईल, तलावांवरचे पक्षी कमी का होतायत हे शोधत शोधत गाडी पाण्यातल्या वनस्पतींवर आली अन् तिथून ढिवरांवर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नेहमी काय होतं की बाहेरचा तज्ज्ञ येतो, पक्षी मोजतो, रिपोर्ट करतो, अन् शेवटी ‘स्थानिकांमध्ये जनजागृती करणे आवश्यक’ असं एक वाक्य टाकून निघून जातो. इथे उलटं झालं. कोणत्या वनस्पतीच्या बुडाशी कोणता मासा अंडी घालतो, कोणतं गवत कोणतं बदक खातं, कोणत्या तलावात आधी काय होतं अन् आता काय नाही, हे जुन्या ढिवर मंडळींना पाठ होतं. शाळा न पाहिलेला माणूस पाण्यात हात घालून पाचपन्नास वनस्पतींची स्थानिक नावं सांगतो, अन् मग संस्थेची माणसं पुस्तकात बघून त्याचं शास्त्रीय नाव जुळवतात. जागृती कोणाची झाली म्हणायची?

हे ज्ञान कामाला कसं लागलं ते सांगतो. अर्जुनीतल्याच एका तलावापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम काढायची, वरून छाटून उपयोग नाही, मुळासकट खणून, अन् काढलेली काडी तलावात पडू द्यायची नाही, बाहेर नेऊन वाळवून जाळायची. जूनच्या आधी तलावाची उघडी पडलेली जमीन चक्क नांगरायची. हे ऐकून गावातले पहिल्यांदा हसलेच असणार, तलाव कोणी नांगरतं का? पण वर्षानुवर्षं गुरांच्या खुरांनी अन् उन्हाने दगडासारखा झालेला तळ मोकळा झाल्याशिवाय नवीन मूळ धरणार कसं. मग दोनचार पाऊस होऊन पाणी गुडघाभर आलं की आसपासच्या ज्या तलावांत चांगल्या वनस्पती शिल्लक आहेत तिथून त्या आणायच्या अन् धानाची रोवणी करतात तशी चिखलात रोवणी करायची. हायड्रिला, वॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम या पाण्याखालच्या, पान वर तरंगणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलाच्या कुमुदिनीच्या जाती, अन् काठाच्या उथळातली लव्हाळ्यासारखी, जिचे कंद पक्षी उकरून खातात.

सगळ्या तलावभर नाही लावायचं बरं का. थोड्या जागेत लावायचं, ती जागा जपायची, पुढे ते आपोआप पसरतं. अन् लावलेलं वाचवायचं तर ग्रास कार्प अन् सायप्रिनस सोडायचा नाही. विणीच्या दिवसांत मासेमारी बंद, बारीक आसाचं जाळं बंद.

वाचायला हे सोपं आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये अवघड. विचार करा, सोसायटीचे सदस्य सगळे हातावर पोट असलेले, लीजची रक्कम भरायचीच आहे, अन् कोणीतरी म्हणतं की या वर्षी बीज कमी टाका अन् मरळ परत येऊ द्या. मरळ आमची बोटुकली खाणार त्याचं काय, हा प्रश्न अगदी खरा आहे, मरळ खातेच. त्यामुळे सगळ्यांनी काही एका दमात मान्य केलं नाही, अन् करायलाही नको होतं. मार्ग निघाला तो मधला, कटला-रोहू पूर्ण बंद नाही पण परदेशी मासे बंद, बीज जरा मोठं करून सोडायचं म्हणजे मरळीच्या तोंडी सहज लागत नाही, अन् देशी मासे एका तलावात करून बघायचे. एका तलावात मासे दिसले की दुसऱ्या सोसायटीचे लोक बघायला येतात. जनजागृतीच्या पोस्टरपेक्षा बाजारात शेजारच्या गावाच्या टोपलीत शिंगूर दिसणं जास्त काम करतं.

अन् बायका. ही गोष्ट उशिरा आली पण माझ्या मते तिनेच काम टिकवलं. ढिवर समाजात मासे धरतात पुरुष, पण विकतात बायका, डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव. कोणता मासा किती भावाला जातो, कोणता दिसेनासा झाला हे त्यांना नवऱ्याआधी कळतं. तरी सोसायटीच्या सदस्य यादीत त्यांचं नाव नाही, मीटिंगला बोलावणं नाही. तलावावरच्या कामात, बेशरम उपटण्यात, चिखलात वनस्पती लावण्यात सगळ्यात जास्त हात बायकांचे, काही ठिकाणी रोजगार हमीतून मजुरी मिळाली, काही ठिकाणी श्रमदान. मग हळूहळू बचत गट झाले, बायका ग्रामसभेत बोलायला लागल्या, काही जणी ग्रामपंचायतीत निवडून आल्या अन् पुढची मागणी साहजिकच होती, काम आम्ही करायचं तर सोसायटीत आम्ही का नाही? काही गावांत मिळालं, काही गावांत अजून भांडण चालू आहे.

पक्ष्यांचं काय झालं? तलावात तरंगती पानं परत आली की कमळपक्षी येतो, कारण तो घरटंच पानावर करतो, लांब बोटांनी पानांवरून चालत जातो. अडई बदकं येतात, जांभळी पाणकोंबडी काठाच्या लव्हाळ्यात येते, हिवाळ्यात तलवार बदक, गडवाल ही पाहुणी मंडळी जिथे खायला आहे तिथेच उतरतात. यातलं कोणालाही ‘आणावं’ लागलं नाही. अन् उलट अर्थाने, जिथे पाणी स्वच्छ निळं, काठ सिमेंटचा, आत एकही गवत नाही अशा ‘सुंदर’ तलावावर बघा, दोन पाणकावळे सोडून काही नसतं.

सारसाबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत तलाव अन् शेत ही हद्दच पुसली जाते. महाराष्ट्रात सारस राहिलाय तो जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यात, शेजारच्या भंडाऱ्यात मोजके, वाघ नदी अन् वैनगंगेपलीकडे बालाघाटात आहेत. गोंदियातला आकडा तीस-चाळीसच्या आसपास फिरत असतो, म्हणजे एका लग्नाच्या पंगतीएवढा सुद्धा नाही. माणसाएवढा उंच पक्षी, जोडीने राहणारा, घरटं घालतो धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ काठाला, पाण्यात गवताचा ढीग करून, अंडी साधारण दोन, महिनाभर उबवतो. म्हणजे ऐन रोवणीनंतरच्या दिवसांत शेतकऱ्याच्या बांधीत मधोमध एक ढीग अन् त्याच्यावर सारस बसलेला. धान थोडं तुडवलं जातं, थोडं उपटलं जातं. त्या शेतकऱ्याने काय करायचं?

इथे सावन बहेकर अन् त्यांच्या ‘सेवा’ या संस्थेचं काम, हे जिल्ह्याच्या उत्तरेकडे गोंदियाच्या आसपास, परसवाडा, झिलमिली या तलावांच्या बाजूला जास्त. त्यांनी शेतकऱ्यालाच राखणदार केलं. ज्याच्या बांधीत घरटं त्याच्याशी बोलायचं, घरट्याभोवती फवारणी करू नको म्हणायचं, त्याचा सत्कार करायचा, गावातली पोरं सारस मित्र म्हणून लक्ष ठेवणार. अन् दर उन्हाळ्यात, जूनमध्ये पाणी कमी असतं अन् सारस मोजक्या तलावांवर जमतात तेव्हा, पहाटे एकाच वेळी वेगवेगळ्या टीम बसून गणना. एकाच दिवशी का तर एकच जोडी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून. पूर्वी अंडी पळवली जायची ती कमी झाली. पण शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांना काय करणार, मोठ्या पंखांचा पक्षी, उडताना तारा दिसत नाहीत, मरतो. चाळीसमधला एक मेला की तो नुसता एक नसतो, मागे राहिलेला जोडीदारही निदान काही काळ विणीतून जातो. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून सारसाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे जिल्हा प्रशासन, वीज कंपनी, वनविभाग एका टेबलावर यायला लागले. जे काम गावातली पोरं सायकलवर फिरून करत होती त्यासाठी हायकोर्ट लागलं.

अन् आता कायद्यातली एक गोष्ट, जी मला कळली तेव्हा मी दोनदा वाचली. देशात पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून काय काय वगळलंय? भातशेती. अन् सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव. म्हणजे सारस जिथे खातो तो मामा तलाव अन् जिथे अंडी घालतो ती धानाची बांधी, दोन्ही नियमांच्या भाषेत पाणथळच नाहीत! तीनशे वर्षांपूर्वी कोहळ्यांनी पाळ घातली हा त्या तलावाचा गुन्हा. व्याघ्र प्रकल्पाच्या आतला तलाव सुटला, बाकीच्यांनी काय करायचं, तर वनहक्क कायद्याचा एक रस्ता आहे. सामूहिक वनहक्कात जंगलाच्या हद्दीतल्या पाण्यावरचे, माशांवरचे अन् निस्ताराचे हक्क ग्रामसभेला मागता येतात, पूर्व विदर्भात ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवलेत त्यात काही तलावही आले. पण गावाच्या मधोमध, महसूल जमिनीवर असलेल्या तलावाला तो लागू नाही, अन् जास्त तलाव तसलेच.

मग तिथे काय चालतं? खोलीकरण. मला माहितीय यावर लोक चिडतील, कारण गाळ काढणं हे पुण्यकर्म झालंय. गाळ साचलाय हे खरं, काढायला हवा हेही खरं, शेतात टाकला तर शेत सुधारतं हेही खरं. माझं भांडण जेसीबीशी आहे. जेसीबीवाल्याला घनमीटरवर पैसे, तो पाळीपासून थोडं सोडून सरळ उभा खड्डा करतो, बशीसारखा तलाव टाक्यासारखा होतो. सुरुवातीला म्हटलं होतं ना लक्षात ठेवा, तो उथळ विरत जाणारा काठ, तोच जातो. मासा चढणार कुठे, गवत धरणार कुठे, सारस उभा राहणार कुठे? गुरंसुद्धा उभ्या कड्यावरून पाण्यात उतरू शकत नाहीत, घसरतात. पाणी वाढलं म्हणून फोटो निघतात, अन् ज्याला विचारायला हवं होतं तो ढिवर पाळीवर उभा राहून बघत असतो. गाळ काढा, पण पाळीकडच्या खोल भागातला काढा अन् उतार उतारच ठेवा, एवढंच तर म्हणणं आहे, अन् तेही मोजमाप पुस्तिकेत बसत नाही म्हणे.

या कामाच्या मर्यादा पण सांगितल्या पाहिजेत नाहीतर ही जाहिरात होईल. संस्था छोटी, तलाव हजारो. ज्या तलावांवर काम झालं त्यातले काही पुन्हा घसरले, कुठे नवीन कार्यकारिणीने पुन्हा सायप्रिनस सोडला, कुठे काठावर अतिक्रमण करून धान लावलं, कुठे वरच्या उन्हाळी धानाचं खत अन् फवारणीचं पाणी येतंय, त्याला ढिवर काही करू शकत नाही कारण शेत त्याचं नाही. शेतकरी अन् मच्छीमार यांचं हित एकाच तलावात असलं तरी एकच नाही. मार्च-एप्रिलमध्ये शेतकऱ्याला तुडुम उघडून शेवटचं पाणी हवं असतं अन् मच्छीमाराला तेच पाणी माशांसाठी ठेवायचं असतं, किती पाणी राखायचं यावर दरवर्षी वाद. जुन्या काळी मालगुजाराचा शब्द शेवटचा होता, आता शब्द कोणाचा? जिथे ग्रामसभा बळकट आहे तिथे एक खूण ठरवून त्याखाली पाणी सोडायचं नाही असं करता येतं, जिथे नाही तिथे ज्याची काठी त्याची म्हैस.

अन् लीज. सोसायटीकडे तलाव काही वर्षांच्या लीजवर असतो. वनस्पती लावून तलाव नीट व्हायला, देशी मासे परत यायला तीनचार पावसाळे जातात, अन् तोवर लीजच्या नूतनीकरणाची वेळ. आपण नांगरलेल्या, रोवलेल्या, राखलेल्या तलावाची लीज पुढे आपल्याकडेच राहील याची खात्री नसेल तर कोण कशाला पाठ मोडून घेईल? तरीही लोकांनी केलं, हे मला आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

बाकी बेशरम आहेच. कितीही खणली तरी मातीत राहिलेल्या तुकड्याला पुढच्या वर्षी फूट येते, वरच्या तलावातून सलंगवरून काड्या वाहून येतात, म्हणजे आपला तलाव साफ ठेवायचा तर वरच्या गावाशी पण बोलावं लागतं. रोजगार हमीच्या कागदावर ते काम एकदा ‘पूर्ण’ दाखवलं की त्याच तलावाला पुन्हा त्याच कामासाठी पैसे मागणं जड जातं. म्हणून आता मे महिन्यात, मजुरी मिळो न मिळो, गटातल्या बायका सकाळी ऊन चढायच्या आत दोन तास जातात, कुदळ अन् विळा घेऊन, अन् जेवढी निघेल तेवढी काढून काठावर वाळत टाकतात.